पाळी गेल्यावरची आग, खाज, कोरडेपणा : नक्की किती जणींना होतं हे?

मोरपंखी | मंगळवार, दुपारी २:१०

रजोनिवृत्तीवर इथे आधी धागे येऊन गेलेत, पण सगळे घाम, चिडचिड आणि उडालेली झोप यांच्याभोवतीच फिरतात. खालच्या जागेच्या तक्रारींबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा. संपादकांना खटकला तर खुशाल दुसऱ्या विभागात हलवा, उडवू मात्र नका.

माझं वय ५६. पाळी पन्नाशीला गेली. गेली दोन-अडीच वर्षं लघवीला आग होतेय. 'उन्हाळी लागलीय' म्हणत धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा सगळं करून झालं. आमचे नेहमीचे डॉक्टर दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स देणार. लघवी कल्चरला पाठवली की त्यात काही उगवायचं नाही, तरी गोळ्या चालूच. मध्ये खाज सुटली की बुरशीचं मलम. मी शाळेत शिकवते. तास संपेपर्यंत उभीच राहायचे, कारण लाकडी खुर्चीवर बसलं की सलवारीची शिवण बरोब्बर तिथे काचायची. नवऱ्याशी जवळीक कधीचीच थांबली होती. वयाप्रमाणे थांबली, असं आम्ही दोघांनी एकमेकांशी न बोलताच ठरवून टाकलं होतं.

आता एका वेगळ्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि म्हणाल्या, "संसर्ग वगैरे काही नाही. पाळी गेल्यामुळे आतली त्वचा पातळ आणि कोरडी पडलीय." भिशीला गेल्यावर मी हे बोलून दाखवलं, तर निम्म्याअधिक बायका आपापलं सांगायला लागल्या. एकीच्या पर्समध्ये तर दोन प्रकारची मलमं निघाली, दोन्ही औषधाच्या दुकानदाराने दिलेली.

तर प्रश्न असा की हे किती जणींना होतं? आणि इतकं सर्रास असेल तर आधी कुणी सांगत का नाही?

---

सातारकरीण | मंगळवार, दुपारी ३:०२

+१००. मला वाटायचं हे माझ्या एकटीच्याच नशिबी आलंय. सासूबाई जन्मभर "अंगात उष्णता फार" म्हणत ताकावर राहिल्या, त्यांचंही हेच असावं असं आता वाटतंय.

---

टग्या_वाडेकर | मंगळवार, दुपारी ४:४०

आमच्या आई-आजीच्या तोंडून असलं काही कधी ऐकलं नाही. हल्ली वय झालं तरी त्याचा आजार करायचा आणि त्यावर औषधं खपवायची. माझं आपलं स्पष्ट मत.

---

सातारकरीण | मंगळवार, दुपारी ४:५१

@टग्या, तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असतं का हो?

---

ओपीडीवाली | मंगळवार, रात्री ९:२०

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. ओपीडी आत्ता संपली, त्यामुळे उशिरा लिहितेय.

मोरपंखीताई, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. बीजकोशातून येणारं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन थांबलं की योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं, त्याचा ओलावा आणि ताण कमी होतो. अस्तरातल्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते, तीही घटते. लॅक्टोबॅसिलस जातीचे आपले चांगले जंतू या साखरेवर जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. म्हणून पाळीच्या वयात तिथला पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ३.५ ते ४.५ असतो. हे जंतू उपाशी राहिले की पीएच ५ च्या वर चढतो आणि शौचाच्या बाजूचे जंतू मूत्रमार्गाकडे सरकायला मोकळे होतात. मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा खालचा भागही इस्ट्रोजेनवरच पोसलेला असतो. त्यामुळे कोरडेपणा, खाज, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीची घाई, आग आणि खरोखरीचे वारंवार होणारे संसर्ग, सगळ्यांचं मूळ एकच. आपण मात्र त्यासाठी तीन वेगळ्या डॉक्टरांची दारं झिजवतो.

एक गोष्ट ठळक अक्षरात वाचा. अंगातून वाफा निघणं, घाम येणं हे बहुतेकींचं काही वर्षांत ओसरतं. खालचा हा त्रास मात्र आपोआप ओसरत नाही, उलट वाढत जातो. "थोडे दिवस काढ, जाईल" हा सल्ला इथे चालत नाही.

@टग्या_वाडेकर, पूर्वीही होतंच. बायका अंगावर काढायच्या, इतकंच. शिवाय भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. बाई ऐंशीपर्यंत जगली तर तिचं तीस-पस्तीस वर्षांचं आयुष्य पाळी गेल्यानंतरचं. इतकी वर्षं कशी काढायची, हा फॅशनचा प्रश्न नव्हे.

---

कंदील | मंगळवार, रात्री १०:०५

पुरुष आयडी आहे, चालेल ना? आईबद्दल विचारायचंय. वय ६८, मधुमेह जुना. शुगरची गोळी बदलल्यापासून तिला खाली प्रचंड खाज आहे. मला कसं सांगणार, बहिणीला सांगितलं. दुकानातून आणलेलं मलम लावलं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

---

ओपीडीवाली | मंगळवार, रात्री १०:३१

@कंदील, चालेल काय, विचारलंत हे फार बरं केलंत. नव्या गोळीचं नाव डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं '...फ्लोझिन'ने संपतंय का बघा. ही औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला आणि किडनीला चांगली आहेत, पण लघवीत साखर आली की तिथे बुरशी माजते, आणि पाळी गेलेल्या बाईची त्वचा आधीच नाजूक. गोळी स्वतःहून बंद करू नका, मधुमेहाच्या डॉक्टरांना खाजेबद्दल सांगा.

आणि त्या मलमाच्या ट्यूबवर 'क्लोबेटासोल' लिहिलंय का तेही बघा. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली मलमं आपल्याकडे गोळ्या-बिस्किटांसारखी विकली जातात. खाज तात्पुरती दबते, बुरशी तशीच राहते, त्वचा आणखी पातळ होते. गंमत म्हणजे लायकेन स्क्लेरोसस नावाच्या त्वचेच्या आजारात हेच क्लोबेटासोल आम्ही मुद्दाम लिहून देतो. त्यात पांढुरके चट्टे येतात, रात्री झोपू देणार नाही अशी खाज असते, पुढे कॅन्सरचा थोडा धोकाही असतो. पण ते डोळ्यांनी तपासून द्यायचं औषध आहे, फोनवर सांगून नव्हे.

---

आकडेमोड | बुधवार, सकाळी ७:४५

मोरपंखी यांच्या पहिल्या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही. माझा पेशा संख्याशास्त्राचा, बायकोचा त्रास हाच, म्हणून थोडी शोधाशोध केली.

अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा सरकारी पैशावर चाललेला प्रचंड अभ्यास झाला. त्यात ९८,७०५ स्त्रियांच्या उत्तरांवरून कोरडेपणा २७ टक्के, खाज किंवा चुरचुर १८.६, पाणी जाणं ११.१ आणि लघवीला आग ५.२ टक्के असे आकडे आले. मेलबर्नमध्ये ४३८ स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पाळी सुरू असताना कोरडेपणा सांगणाऱ्या ३ टक्के होत्या, पाळी जाऊन तीन वर्षं झाल्यावर ४७ टक्के. 'व्हिवा' नावाची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि स्कँडिनेव्हियातल्या ५५ ते ६५ वयाच्या ३,५२० स्त्रियांपैकी ४५ टक्के जणींनी त्रास असल्याचं सांगितलं.

म्हणजे २७ की ४७? तफावत लहान नाही. त्यात 'व्हिवा'ला पैसा होता नोव्हो नॉर्डिस्कचा, जी कंपनी योनीमार्गात ठेवायची इस्ट्रोजेनची गोळी विकत होती. टग्यारावांचा संशय अगदीच हवेतला नाही.

---

टग्या_वाडेकर | बुधवार, सकाळी ८:१०

बघा!

---

आकडेमोड | बुधवार, सकाळी ८:५५

थांबा, थांबा. मेलबर्नच्या आकड्यामागे कंपनीची पाहणी नव्हती, आणि तोच सगळ्यात वरचा आहे. उलट २७ टक्क्यांच्या अभ्यासातल्या बऱ्याच जणी तेव्हा हार्मोनच्या गोळ्या घेत होत्या, कारण नव्वदच्या दशकात अमेरिकेत त्या सर्रास दिल्या जात. ज्यांच्यावर उपचार चालू आहेत त्यांना त्रास कमीच असणार. तेव्हा २७ ही तळाची पायरी धरा. 'स्वान' या आणखी एका अमेरिकी अभ्यासात त्याच बायकांना वर्षानुवर्षं विचारत गेले. ४२ ते ५३ वयात १९.४ टक्के, ५७ ते ६९ वयात ३४. आकडा वयाबरोबर वरच सरकतो.

माझा निष्कर्ष : चारपैकी एक ते दोनपैकी एक, आणि कधी ना कधी त्रास होणाऱ्या धरल्या तर निम्म्याच्या जवळ. एकाच दिवशी विचारलं की आकडा खाली येतो. एकच शब्द वापरून विचारलं की आणखी खाली येतो. बाई 'कोरडेपणा नाही' म्हणते आणि पुढच्या वाक्यात 'आग होते' सांगते.

'व्हिवा'तला दुसरा एक आकडा मला जास्त बोलका वाटला. आपला त्रास पाळी जाण्यामुळे त्वचेत झालेल्या बदलाचा आहे, हे किती जणींना ठाऊक होतं? ४ टक्के. आणि त्या सगळ्या शिकल्या-सवरलेल्या, श्रीमंत देशांतल्या बायका.

---

आक्का_७१ | बुधवार, सकाळी ११:३०

सुनेने वाचून दाखवलं, मी सांगतेय आणि ती टाइप करतेय. हे गेले त्याला बारा वर्षं झाली. संबंधांचा प्रश्नच नाही. तरी मला आग होते, देवळात कीर्तनाला तासभर मांडी घालून बसवत नाही. एकदा डॉक्टरकडे गेले होते. ते म्हणाले, "आजी, आता या वयात तिथलं काय घेऊन बसलात." परत गेले नाही. नवरा नसलेल्या बाईला हे का व्हावं?

---

ओपीडीवाली | बुधवार, दुपारी २:१५

आक्का, नमस्कार. नवऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही. ज्यांना दुसरा हात लागलेला नाही अशा अविवाहित बायकांना, साध्वींनाही होतं. आम्ही डॉक्टर मंडळी यात कमी पडतो. "संबंधाच्या वेळी दुखतं का?" एवढाच प्रश्न विचारतो, आणि समोरची विधवा असेल तर तोही गिळतो. मग तिची आग कुठल्याच कागदावर उमटत नाही.

एकाहत्तरीला उपचार करून उपयोग होतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून ठेवते. होतो.

---

गेवराईकडची | बुधवार, संध्याकाळी ७:४०

मी आशा म्हणून काम करते. वाचते रोज, लिहिते आज पहिल्यांदा.

तीस वर्षांच्या वरच्या माणसांचा आम्ही सीबॅक फॉर्म भरतो, कुणाला कसल्या आजाराचा धोका आहे ते बघायचा. त्यात बायांसाठी प्रश्न असतात : पाळी गेल्यावर रक्त जातं का, संबंधानंतर रक्त जातं का, घाण वासाचं पाणी जातं का, स्तनात गाठ आहे का. म्हणजे कॅन्सरचे. आग होते का, कोरडं पडतं का, हा रकानाच नाही. मी विचारते माझ्या मनाने, पण लिहायचं कुठं?

दुसरं म्हणजे तुम्ही सगळे पन्नाशीच्या बाया धरून बोलताय. आमच्याकडं ऊसतोडीच्या बायांच्या पिशव्या तिशीतच काढल्यात. २०१९ मध्ये पेपरात गाजलं, सरकारने समिती नेमली, जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाण्याची सोय नाही, संडास नाही, पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, मग पांढरं जातंय म्हणून दाखवायला गेली की "कॅन्सर होईल, काढून टाक." माझ्या वस्तीवर पस्तिशीच्या बाया आहेत, त्यांना तुमच्या भिशीतल्या बायांसारखंच होतं. त्यात दिवसभर वाकून कोयता चालवायचा, मोळ्या डोक्यावर. घाम आणि पाचटाची कुसळं. धाग्यात त्यांना धरणार का नाही?

---

मोरपंखी | बुधवार, रात्री ८:२०

धरणार म्हणजे काय, पहिल्यांदा धरायला हव्यात. ताई, लिहीत राहा.

---

ओपीडीवाली | बुधवार, रात्री ९:५०

@गेवराईकडची, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं, हळूहळू कमी व्हायला वेळच मिळत नाही. बीजकोश ठेवले तरी अशा बायकांची रजोनिवृत्ती थोडी लवकर येते. आणि बीजकोश काढलेत की ठेवलेत हेच बऱ्याच जणींना माहीत नसतं. डिस्चार्ज कार्ड हरवलेलं, किंवा दिलेलंच नाही. पन्नाशीआधी असं झालेल्या बाईचा प्रश्न हाडांचा आणि हृदयाचाही असतो, तिला नुसतं मलम देऊन भागत नाही.

---

लीड्सची_माई | गुरुवार, पहाटे ४:१५

इकडे इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२२ पासून १० मायक्रोग्रॅम इस्ट्राडायॉलची (हा इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) योनीमार्गात ठेवायची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय फार्मसीत मिळते. वय ५० च्या वर आणि पाळी जाऊन किमान एक वर्ष झालेलं हवं, फार्मासिस्ट बाजूला घेऊन चार प्रश्न विचारतो. मी हिय्या करून गेले तर समोर आमच्याच मंडळातल्या एकीचा मुलगा. पण त्याने इतक्या सहज विचारलं की माझा संकोच पार पळाला.

---

जाईजुई | गुरुवार, सकाळी १०:००

मला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, त्यासाठीची लेट्रोझोल ही गोळी चालू आहे. कोरडेपणा असा की चालताना चिरा पडल्यासारखं होतं. इस्ट्रोजेनचं मलम हा शब्दही मला घाबरवतो. मी काय करावं?

---

ओपीडीवाली | गुरुवार, दुपारी १:४०

@जाईजुई, लेट्रोझोलचं कामच अंगातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेन पुसून टाकणं, त्यामुळे हा त्रास तुम्हा मंडळींना सगळ्यात तीव्र होतो. तुमच्यासाठी आधी हार्मोनविरहित उपाय. हायल्युरोनिक ॲसिड असलेलं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असो वा नसो. संबंधाच्या वेळी वंगण वेगळं. इस्ट्रोजेनबद्दल कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको. डेन्मार्कच्या २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात लेट्रोझोलच्या गटातली औषधं आणि योनीमार्गातलं इस्ट्रोजेन एकत्र घेणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं. पण निमूट सोसत राहू नका. त्रासापायी लेट्रोझोल परस्पर सोडून देणाऱ्या बायका मी पाहिल्यात, तो धोका फार मोठा.

बाकीच्यांसाठी : योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनची मात्रा इतकी कमी असते की रक्तात अगदी नगण्य उतरतं. इस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं क्रीम आपल्याकडे मिळतं. रीत साधारण अशी, पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, आणि ते चालू ठेवायचं. बंद केलं की त्रास परत येतो, हे आधीच सांगितलेलं बरं. संबंधाच्या आधी वंगण म्हणून ते लावायचं नाही. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांवरचा १९९३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. इस्ट्रिऑल लावणाऱ्यांत वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, नुसतं साधं क्रीम लावणाऱ्यांत ५.९ वेळा. अँटिबायोटिकच्या पट्ट्यांचा हिशेब तुम्हीच करा.

---

आकडेमोड | गुरुवार, दुपारी २:३०

दुसरी बाजूही नोंदवतो. अमेरिकेत ३०२ स्त्रियांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला, २०१८ मध्ये निकाल आले. इस्ट्राडायॉलची गोळी, मॉइश्चरायझर आणि दोन्हींची नुसती (औषध नसलेली) नक्कल, तिन्ही गटांत मुख्य त्रास जवळजवळ सारखाच कमी झाला.

---

ओपीडीवाली | गुरुवार, रात्री ९:१०

बरोबर, आणि म्हणून सौम्य त्रासात मी आधी मॉइश्चरायझरच देते. फक्त 'नक्कल' म्हणून दिलेलं जेलही ओलावा देणारंच होतं, हे लक्षात घ्या. वारंवार संसर्ग किंवा तपासताना रक्त येण्याइतकी नाजूक त्वचा असेल तिथे मी थांबत नाही. लेझरने योनीमार्गाचा कोरडेपणा घालवतो म्हणणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्येच त्याबद्दल इशारा दिलाय.

---

सातारकरीण | शुक्रवार, सकाळी ९:२५

घरगुतीचं काय? मी खोबरेल लावते. आणि ते सुगंधी वॉश? जावेने डेटॉलच्या पाण्याने धुवायला सांगितलं होतं.

---

ओपीडीवाली | शुक्रवार, दुपारी २:००

खोबरेल बाहेरून लावायला हरकत नाही. डेटॉल, साबण, सुगंधी वॉश, टाल्कम पावडर यातलं काहीही नको. साधं पाणी पुरे, आत धुवायचं नाही. व्हॅसलिन आत लावू नका. सिंथेटिकऐवजी सुती अंतर्वस्त्र. यांनी आराम पडतो, अस्तर मात्र जाड होत नाही.

आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी 'कोरडेपणा असेल' म्हणून सोडायचं नाही. बहुतेकदा कारण साधंच निघतं, पण सोनोग्राफी करून गर्भाशयाचं अस्तर पाहिल्याशिवाय ते ठरवता येत नाही.

---

मोरपंखी | शुक्रवार, दुपारी ४:३५

माझं क्रीम सुरू झालंय. सोबतची पत्रिका वाचून हातपाय गार पडले होते. पक्षाघात, कॅन्सर, स्मृतिभ्रंश, काय काय लिहिलंय त्यात.

---

ओपीडीवाली | शुक्रवार, रात्री १०:१५

ती सूचना पोटात घ्यायच्या हार्मोनच्या अभ्यासांवरून २००० च्या दशकात आली आणि योनीमार्गातल्या अल्प मात्रेलाही सरसकट चिकटवली गेली. नंतर विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमधल्याच स्त्रियांचा पाठपुरावा केला, तेव्हा योनीमार्गात इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांत कॅन्सर किंवा हृदयविकार वाढलेला दिसला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये एफडीएने तो चौकटीतला इशारा काढायचं जाहीर केलं. आपल्याकडची छापील पत्रिका बदलायला वेळ लागेल. सुरुवातीला थोडं चुरचुरेल, घाबरू नका.

---

आक्का_७१ | शनिवार, सकाळी ८:४०

सोमवारची वेळ घेतलीय सुनेने. बाई डॉक्टरच आहेत. नेमकं काय सांगू तिथे?

---

ओपीडीवाली | शनिवार, दुपारी १:०५

आक्का, गोलगोल बोलू नका. "पाळी गेल्यापासून खाली आग आणि कोरडेपणा आहे, तपासून बघा" एवढं सरळ सांगा. शुगरचा ताजा रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, संपलेल्यासुद्धा.